भाचीची रात्रपाळी



पहाटे साडेपाचला फोन वाजला की आपल्या घरात छातीत धस्स होते. गावाकडे कोण आजारी पडले, कोण गेले, हेच आधी मनात येते. डिसेंबर २०२४ मधल्या एका पहाटे आमच्याकडे असाच फोन वाजला. पलीकडे माझी भाची होती. माझ्या धाकट्या बहिणीची ही थोरली मुलगी. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात ती तेव्हा एक वर्षाचे एम.एस्सी. करीत होती. हिवाळ्यात आपले घड्याळ तिकडच्या घड्याळाच्या साडेपाच तास पुढे असते. म्हणजे तिच्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजलेले.

“मावशी, झोपमोड केली का गं?”

“उठायचीच वेळ झाली होती. तू अजून जागी? अभ्यास करतेस?”

“नाही, कामावरून आत्ताच खोलीवर आले. मावशी, एक सांगते. आईला इतक्यात सांगू नकोस.”

मी गॅस बारीक केला आणि खुर्चीवर बसले.

“विद्यापीठाच्या आवारात पब आहे. तिथं मी काम करते. दोन महिने झाले.”

“म्हणजे तू लोकांना दारू देतेस?”

“हो.”

पुढे थोडा वेळ तीही बोलली नाही, मीही नाही.

मी का गप्प झाले, ते सांगायला हवे. आमचे बाबा गिरणीत रिंग खात्यात होते. रात्रपाळी करायचे. माणूस प्रेमळ, पण पगाराचा दिवस आला की पाय घराकडे वळत नसत. चाळीच्या मागे गुत्ता होता. आई आम्हा दोघी बहिणींना पाठवायची, “जा, बाबांना बोलावून आणा.” मी अकरा वर्षांची, धाकटी सात. हातात हात घालून आम्ही त्या गुत्त्याच्या दारात उभ्या राहायचो. आत कंदिलाचा उजेड आणि उग्र वास. नवटाक, पावशेर ही मापे आम्ही शाळेत शिकण्याआधी तिथे ऐकली. गुत्तेवाला आम्हाला बघायचा आणि तरीही बाबांचा ग्लास भरायचा. पाकिटात उरलेले पैसे घेऊन आम्ही तिघे घरी यायचो. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, बाटली मात्र सुटली नाही. बाबा पन्नाशीही न गाठता गेले. आज त्या धाकटीची मुलगी दारू ओतायला उभी राहते, हे तिला कळले तर काय होईल, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

पण पोरीने विश्वासाने फोन केला होता. तिला त्याच क्षणी उपदेश केला असता, तर पुढचा फोन आला नसता. म्हणून मी म्हटले, “बरं, काय काम असतं ते तरी नीट सांग.” पुढचे चार महिने पहाटेच्या फोनवर तिने जे सांगितले, ते आज तुमच्यासाठी लिहीत आहे. आपल्या समाजातली मुलेमुली आता शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून परदेशी शिकायला जात आहेत. त्यांच्या आईबापांना या गोष्टी माहीत असाव्यात.

तिकडे विद्यापीठांत विद्यार्थ्यांचा स्वतःचा संघ असतो. त्याची इमारत असते, कार्यालय असते, आणि बहुतेक ठिकाणी त्याच इमारतीत खाणावळ, कॉफीचे काउंटर आणि बारही असतो. बार संघाचा असेल तर त्याचे उत्पन्न संघाच्या कामाला लागते. आपल्याकडे कॉलेजच्या आवारात बार ही कल्पनाच सहन होणार नाही. तिकडे मात्र संध्याकाळी जेवायला, फुटबॉलचा सामना बघायला, गप्पा मारायला मुले तिथे जमतात. सगळेच पितात असे नाही. लिंबूसोडा घेऊन चार तास बसणारे असतात, शून्य टक्के अल्कोहोलची बिअर मागणारेही असतात. काउंटरच्या मागे काम करणारी बहुतेक विद्यार्थीच. मालकाचा मुलगा असो की बस ड्रायव्हरची मुलगी, हातात फडके सगळ्यांच्याच.

कामाची पाळी संध्याकाळी पाच-सहाला सुरू होते आणि बार बंद करून, झाडून-पुसून निघेपर्यंत साडेअकरा वाजतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, नळ फिरवला की झाले. पण पहिले तीन आठवडे भाचीला कुणी नळाला हात लावू दिला नाही. टेबलावरचे ग्लास गोळा करणे, ते यंत्रात धुणे, सांडलेले पुसणे, फुटलेली काच उचलणे, संडास तपासणे, एवढेच काम. मग तळघर. तिथे बिअरची पिंपे ठेवलेली असतात. एका मोठ्या पिंपात ५० लिटर बिअर असते. भरलेले पिंप एकट्याने उचलायचे नाही, दोघांनी हलवायचे, अशी ताकीद होती. एका पिंपातून ८८ पाइंट निघतात. पाइंट हे त्यांचे माप, ५६८ मिलिलिटरचे. व्हिस्की, रम, जिन, व्होडका मात्र २५ किंवा ३५ मिलिलिटरच्या ठरलेल्या मापानेच द्यायची, कारण कायदाच तसा आहे. “मावशी, इथे मापात पाप चालत नाही,” ती हसून म्हणाली. मला गुत्त्यावरची नवटाक आठवली.

तिसऱ्या-चौथ्या फोनवर तिने कायद्याचे सांगितले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ चा परवान्याचा कायदा आहे. अठरा वर्षांखालील मुलाला दारू विकली तर विकणाराही गुन्हेगार ठरतो. म्हणून पंचविशीच्या आतला वाटेल अशा प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचे, असा दुकानाचा नियम. परवाना जागेचा असतो, नोकराला वेगळा काढावा लागत नाही, पण चूक नोकराच्या अंगावरही येते. पिण्याचे साधे पाणी कुणी मागितले तर फुकट द्यावेच लागते. आणि जो माणूस आधीच नशेत आहे, त्याला जाणूनबुजून आणखी दारू विकणे हाही गुन्हाच.

हे शेवटचे ऐकून मी तिला थांबवले. “म्हणजे पैसे देत असला तरी द्यायची नाही?”

“नाही द्यायची. मागच्या शुक्रवारी मीच एकाला नाही म्हटलं.”

एक उंच गोरा मुलगा होता. जीभ जड झालेली, डोळे तांबारलेले. तो काउंटरवर नोट आपटून आणखी एक पाइंट मागत होता. भाची पाच फुटांची. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, “आज तुला आता मिळणार नाही.” तो ओरडला. तिचे हात थरथरत होते. पण पाळीप्रमुख मुलगी येऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही तेच सांगितले. मग त्याच्या मित्रांना बोलावून त्याला वसतिगृहावर पोहोचवायला लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुलगा आला आणि मान खाली घालून माफी मागून गेला.

बायकांच्या संडासात एक कागद चिकटवलेला असतो, हेही तिने सांगितले. एखाद्या मुलीला सोबतच्या माणसाची भीती वाटली, तर तिने काउंटरवर येऊन “अँजेला आहे का?” असे विचारायचे. नोकरांनी ओळखायचे की हिला मदत हवी आहे. मग तिला आतल्या खोलीत नेणे, टॅक्सी बोलावणे, गरज पडली तर पोलीस. २०१६ मध्ये लिंकनशायर परगण्यात ही पद्धत सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. भाचीला एकदाच कुणी अँजेलाचे नाव विचारले. त्या रात्री ती त्या मुलीजवळ टॅक्सी येईपर्यंत बसून होती.

आता पैशाचे. आपल्या घरात हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही आणि राहू नये. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे. तिच्या जागा ठरलेल्या असतात. आमच्या भाचीचा नंबर लागला नाही. मेहुणे बेस्टमध्ये कंडक्टर. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली आणि बाकीचे बँकेचे शैक्षणिक कर्ज. एजंटाने सांगितले होते, “काळजी करू नका, तिकडे मुलं काम करून सगळं भागवतात.” हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. त्याचा हिशेब मांडून बघू.

विद्यार्थी व्हिसावर पदवीचे शिक्षण घेणाऱ्याला सत्राच्या काळात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. दोन ठिकाणी काम केले तरी दोन्ही मिळून २०. भाची गेली तेव्हा २१ वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होते. एप्रिल २०२५ पासून ते १२.२१ झाले आणि एप्रिल २०२६ पासून १२.७१ ठरले. १२.२१ दराने पूर्ण २० तास भरले तर आठवड्याचे २४४ पौंड, चार आठवड्यांचे ९७७. आता खर्च बघा. व्हिसा देताना ब्रिटिश सरकारच लंडनबाहेर राहण्या-खाण्याला महिन्याला किती लागतात ते धरते. जानेवारी २०२५ पासून तो आकडा १,१३६ पौंड होता. म्हणजे एक तासही न चुकवता काम केले तरी खोलीभाडे आणि जेवण पूर्ण भागत नाही. फी तर दूरच. म्हणूनच व्हिसाच्या अर्जात “मी तिकडे कमावीन” हे चालत नाही, पैसे आधीच खात्यात दाखवावे लागतात. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, हे ऐकून आपले डोळे दिपतात. पण पोरगी भाजीही पौंडातच घेते, हे आपण विसरतो.

भाची सरासरी १६ तास काम करायची. आठवड्याला १८३ पौंड मिळायचे, त्यातले १३० खोलीभाड्याला जायचे. उरलेल्यात डाळ, तांदूळ, अंडी आणि बसचा पास. घरून येणाऱ्या पैशावरचा ताण कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ. पण तेवढाही आमच्या मेहुण्यांना मोठा होता.

एक मोठी चूक तिच्या हातून थोडक्यात टळली. जूनमध्ये वर्ग संपले. तिला वाटले, आता सुट्टी, आता आठवड्याला ४० तास काम करू. पण एम.एस्सी.च्या मुलांना उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो आणि तो काळ सुट्टीत धरत नाहीत, सत्रातच धरतात. तेव्हाही मर्यादा २० तासांचीच. संघाच्या कार्यालयातल्या बाईंनी वेळेवर सांगितले. मर्यादा ओलांडली असती तर व्हिसा रद्द होऊन शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले असते. तिच्या ओळखीचा एक मुलगा शहरातल्या एका हॉटेलात जादा तास रोखीने करायचा. त्याला पगारपत्रक नाही, सुट्टीचा पगार नाही, आणि शेवटच्या महिन्याचे पैसे बुडाले. तक्रार तरी कुठे करणार? नियम त्यानेही मोडलेला.

मग माझ्या मनातला प्रश्न मी तिला विचारला. “बाळा, शीलाचं काय?”

“मी थेंबही घेत नाही, मावशी.”

तिचे मला खरे वाटले. पाचवे शील पिण्याविषयी आहे. पण प्रामाणिकपणे बोलायचे तर प्रश्न तिथे संपत नाही. उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत, हे तथागतांनी सांगितले आहे. अंगुत्तर निकायात ते आले आहे. शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मद्य त्यात आहेच. पोटासाठी केलेली नोकरी आणि स्वतःचा व्यापार यांत फरक आहे, असे कुणी म्हणेल. फरक आहे, हे मलाही पटते. पण त्या फरकाची पांघरूणासारखी सवय होऊ नये, असेही मला वाटते. हे सगळे मी तिला सांगितले आणि म्हटले, “मी तुला सोड म्हणणार नाही आणि धर म्हणणार नाही. तू मोठी आहेस. पण आईपासून लपवू नकोस. लपवून केलेल्या कामाचं ओझं कामापेक्षा जास्त असतं.”

बाबासाहेबांचे उदाहरणही मी तिला दिले. १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. मग १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत झाली, आणि ते पुन्हा लंडनला गेले. तिथले तास त्यांनी ग्रंथालयात घालवले. आपल्या मुलांना तसे दोन वर्षे थांबून साठवणे नेहमी जमत नाही, बँकेचे व्याज थांबत नाही. पण परदेशातला तास कशासाठी विकत घेतला आहे, हे रोज आठवायला हरकत नाही. भाची म्हणाली, “सकाळी नऊच्या तासाला मी पेंगते, मावशी.” दारूपेक्षा मला याची काळजी जास्त वाटली.

फेब्रुवारीत तिने आईला स्वतः सांगितले. धाकटीने फोन ठेवला आणि तीन दिवस उचलला नाही. स्वयंपाक केला, कामाला गेली, पण कुणाशी बोलली नाही. मेहुणे घाबरून मला फोन करू लागले. मी गेले. चहा झाला. मी तिला तो शुक्रवारचा प्रसंग सांगितला, पाच फुटांची आपली पोर आणि काउंटरवर नोट आपटणारा तो उंच मुलगा. ती ऐकत राहिली. चौथ्या दिवशी तिने मुलीला फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

“त्या पोराला नाही म्हणालीस, तेव्हा भीती नाही वाटली?”

“वाटली, आई.”

धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्या बाबांना त्या गुत्त्यावर कुणी एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं गं.”

डोळे पुसून तिने लगेच पुढे विचारले, “रात्री खोलीवर कशी जातेस? एकटी?” पोरीने सांगितले की तिघी मिळून जातात, आवारातच वसतिगृह आहे. “जेवतेस किती वाजता? झोपतेस किती?” सगळे विचारून झाल्यावर म्हणाली, “बरं. पण दुसरं काही मिळतं का बघ. मला ते आवडलेलं नाही, हे सांगून ठेवते.”

मार्च २०२५ मध्ये त्याच इमारतीतल्या कॉफीच्या काउंटरवर सकाळची जागा रिकामी झाली. तास कमी, आठवड्याला १२. भाचीने ती घेतली. पैसे कमी पडले तेव्हा एकदा मी आणि एकदा मेहुण्यांच्या भावाने पाठवले. सप्टेंबरमध्ये तिने प्रबंध दिला. आज ती नोकरीला लागली आहे आणि कर्जाचे हप्ते स्वतः भरते. पबमध्ये शिकलेले तिने टाकून दिले नाही. गल्ल्याचा हिशेब पैशापर्यंत जुळवणे, रागावलेल्या माणसाशी शांतपणे बोलणे, नाही म्हणणे, हे तिला तिथेच आले, असे ती मोकळेपणाने सांगते.

ज्यांची मुले जाणार आहेत, त्या आईबापांना चार गोष्टी सांगते. मुलाच्या कमाईवर घरखर्चाचा हिशेब मांडू नका, ती फक्त वरखर्चाला पुरते. शिष्यवृत्तीवर जात असेल तर बाहेर काम करण्याविषयी तिच्या अटी काय आहेत, ते निघण्याआधी वाचा. कामाचे पगारपत्रक मिळते का, हे विचारा, कारण तिकडे तो कामगाराचा हक्क आहे. सहा तासांहून मोठी पाळी असेल तर मध्ये २० मिनिटे विश्रांतीचाही हक्क आहे. ऑक्टोबर २०२४ पासून गिऱ्हाइकाने दिलेली बक्षिशी मालकाने कामगारांनाच द्यावी, असाही कायदा आहे. आणि विद्यापीठात ग्रंथालय, खाणावळ, कार्यालय अशीही कामे निघतात. पहिल्या महिन्यातच विचारले तर मिळण्याची शक्यता असते. ज्याला दारूच्या काउंटरवर उभे राहायचे नाही, त्याने आधीच तिकडे अर्ज टाकावा.

मुलीचा फोन आला की आपण “जेवलीस का?” विचारतो. त्याला जोडून “किती तास काम केलंस आणि किती तास झोपलीस?” एवढेही विचारा. आणि तिने न आवडणारे काही सांगितले, तर फोन ठेवू नका. माझ्या बहिणीने तीन दिवस ठेवला होता. ते तीन दिवस पोरगी तिकडे न जेवता होती, हे आम्हाला नंतर कळले.

जयभीम!